नवऱ्याच्या प्रार्थनेतलं नाव

आमच्याकडे नवऱ्याला कुणी अरे-तुरे करत नाही. मीही करत नाही. तोंडावर 'तुमी' आणि चारचौघांत 'आमचे हे'. पण इथे लिहिताना मी त्याला 'तो' म्हणणार आहे. ज्या दिवसांबद्दल लिहायचं आहे, त्या दिवसांत मनातल्या मनात मी त्याला 'तो'च म्हणत होते, आणि त्याहून वाईटही बरंच काही.

तो राइस मिलमध्ये कामाला आहे. मी घरी ब्लाउज शिवते. आमचं गाव आंधळगावच्या जवळ, बाजारहाट सगळा तिथलाच. तो मुळात घुमा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण आता त्याला पाहणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर तो संध्याकाळी घरी आला की मिलमधल्या गमती सांगायचा. मालकाच्या चालण्याची नक्कल करायचा. मी कणीक मळत असायची आणि हसून हसून परातीतलं पीठ सांडायचं.

मग आमची मुलगी झाली ती मेलेलीच झाली. हे मी सरळ लिहून टाकते, कारण गावात सगळे ते आडून बोलतात. 'बाळंतपणात गडबड झाली' म्हणतात. माझं ऑपरेशन झालं होतं, मी शुद्धीवर नव्हते. शुद्धीवर आले तोपर्यंत त्याने आणि त्याच्या मोठ्या भावाने तिला गावाकडे नेऊन मातीही दिली होती. आमच्यात तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि तिथे बाया जात नाहीत. बारशाच्या आधी गेलेल्या लेकराला नावही नसतं. त्याचे दिवस करत नाहीत, फोटो तर नसतोच. सासू माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली होती, "नाव ठेवलं नाही, माय, त्याचं दुख करत नाही कोनी. विसरून जा." तिने ते मायेनेच म्हटलं. पण विसरायला आधी काही आठवावं लागतं ना? मी तर तिचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "कशी होती?"

"बरी होती," तो म्हणाला आणि गाडी पुसायला अंगणात गेला. त्यानंतर ना मी विचारलं, ना त्याने सांगितलं. बोलणंच आटत गेलं. हो, नाही, वाढ, पुरे. पुढे आम्हाला मूल झालं नाही, आणि हळूहळू लोकांनी विचारणंही सोडलं.

मिलमध्ये धान आणणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरने त्याला तुमसरला ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेला नेलं. एकदा गेला, दोनदा गेला, मग दर रविवारी जायला लागला. सासूने आदळआपट केली. चार घरी चर्चा झाली. तो भांडला नाही, दिवाळीला आमच्याबरोबर पंगतीत बसला, फक्त हात जोडले नाहीत. मला धर्माचं काही फार वाटलं नाही. माझं दुखणं वेगळं होतं. वर कुणीतरी ऐकतं यावरचा माझा विश्वास त्या दवाखान्याच्या खाटेवरच गेला होता. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची ती हाताच्या सवयीने. तो एकदा जेवताना म्हणाला, "येशू आयकते." मी वाटी जरा जोरातच ठेवली. "मायं कोनी आयकलं नाही. तुमचं कोन आयकते?"

तो काही बोलला नाही. म्हणजे माझ्याशी बोलला नाही. बोलायची त्याची जागा आता दुसरीकडे झाली होती.

घरामागे आमची सांदवाडी, म्हणजे परसदार आहे. तिथे विहिरीजवळ एक धोंडा आहे, त्यावर तो सकाळी आंघोळीनंतर बसायचा आणि प्रार्थना करायचा. मनात नाही, तोंडाने. स्वयंपाकघरात शब्द पोचायचे नाहीत, पण आवाज पोचायचा. पहिल्या दिवशी तो आवाज कानावर आला तेव्हा मी चुलीपुढे तशीच बसून राहिले. तो आवाज माझा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी संध्याकाळी मला मिळायचा तोच. मध्ये थांबायचा, जसं काही समोरचा उत्तर देतोय, आणि पुन्हा सुरू व्हायचा. मला वाटत होतं त्याच्यातलं बोलणं संपलं आहे. संपलं नव्हतं, दुसऱ्याला दिलं होतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवरा दारू पितो म्हणून रडणाऱ्या बाया माझ्याकडे माप द्यायला येतात, त्यांना निदान बाटली तरी फोडता येते. मी काय फोडणार होते? बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या. येशू ही माझी सवत झाली होती, आणि ती अशी सवत, जिला घरातून काढायला दारच नाही.

मी शिलाई मशीन ओसरीतून उचलून मागच्या खिडकीत नेली. सासूने विचारलं तर म्हटलं, इकडे उजेड चांगला येते. खरं कारण उघड होतं. अडचण एवढीच, की मशीन चालवली तर काही ऐकू यायचं नाही, आणि थांबवली तर त्याला कळलं असतं. मग मी एक टाका मारायची आणि थांबायची, एक टाका मारायची आणि थांबायची. त्या महिन्यात गावातल्या बायांना ब्लाउज वेळेवर मिळाले नाहीत, आणि मिळाले त्यांच्या बाह्या लहान-मोठ्या निघाल्या.

आणि एका सकाळी मला नाव ऐकू आलं.

बाईचं नाव. स्पष्ट. ते मी इथे लिहिणार नाही, का ते पुढे कळेल. त्याने ते इतक्या हळुवार घेतलं की मी मशीनचं चाक हातानेच धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव. तिसऱ्या दिवशीही. रोज तिथे धोंड्यावर बसून माझा नवरा देवापाशी एका बाईचं नाव घेत होता.

आता गावातल्या बायांची नावं मला विचारा. पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या छातीचं माप मला पाठ आहे, नाव तर आहेच. त्या नावाची एकही नव्हती. म्हणजे ती तुमसरची. म्हणजे ती त्या उपासनेतली. म्हणजे तिथे काय चालतं ते आता मला समजलं होतं, असं मला वाटलं. एवढे दिवस मी देवावर जळत होते, त्यात निदान थोडी शरम होती. आता मला जळायला सरळ कारण मिळालं, आणि खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

रविवारी मी चांगलं लुगडं नेसून ओसरीत उभी राहिले. "मी बी येतो," मी म्हटलं.

त्याचा चेहरा एकदम उजळला. "येतेस?" तो म्हणाला, आणि गाडीची सीट स्वतःच्या रुमालाने पुसली. त्या रुमालाचाही मला राग आला.

उपासना टिनाच्या शेडमध्ये होती. बाहेर चपला, आत सतरंज्या, एका बाजूला माणसं, एका बाजूला बाया, बायांच्या डोक्यावर पदर. भजन नाही म्हणत तिथे, गीत म्हणतात, पण ढोलकी आमचीच होती. मी मागे एका म्हातारीजवळ बसले. ती नाकाडोंगरीहून एसटीने आली होती. "कोनाची तू, माय?" तिने विचारलं. मी नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि मग कामाला लागले. ही कोण, ती कोण, पुढे बसलेली ती कोण. म्हातारी मोठ्या हौसेने एकेकीचं नाव सांगत गेली. त्या नावाची तिथेही कुणी नव्हती. एक तरणीताठी बाई होती, फार देखणी. तिचं नाव वेगळंच निघालं. पण तिच्या ब्लाउजचा गळा तिरका शिवलेला होता, तेवढंच मला समाधान.

मग पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, प्रार्थना करू या म्हटलं, आणि जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळेच्या सगळे एकदम, मोठ्याने, आपापलं बोलायला लागले. कुणी रडतंय, कुणी मागतंय, कुणी नुसतं 'प्रभू, प्रभू' करतंय. टिनाखाली असा कल्लोळ की शेजारच्या म्हातारीचा एक शब्दही मला ऐकू येईना. आम्ही देवळात उभे राहून मनात बोलणारी माणसं. इथे सगळेच ओरडत होते म्हणून कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि म्हणूनच प्रत्येक जण मोकळा होता.

मी माणसांच्या बाजूला पाहिलं. तो हात पुढे पसरून उभा होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आणि गालांवरून पाणी चाललं होतं. पोरगी गेली तेव्हा तो माझ्यापुढे रडला नाही. त्याचा बाप गेला तेव्हा रडला नाही. आणि इथे सगळ्या शेडसमोर! मला ते पाहवेना. मी डोळे मिटले ते भक्तीने नाही, जळून. आणि एकटीच गप्प बरी दिसणार नाही म्हणून पुटपुटायला लागले. पहिल्यांदा काहीबाही पुटपुटले. मग जे पोटात होतं तेच तोंडात आलं.

तेवढ्यात घंटी वाजली.

लहानपणापासून मला घंटीचा एकच अर्थ माहीत. देवळात शिरलं की घंटी वाजवायची, म्हणजे देवाचं आपल्याकडे लक्ष जातं, आणि मग मागायचं. मी समजले, आता वेळ झाली. घंटी वाजल्यावर मी आवाज चढवला.

"मायासंग दोन शब्द बोलत नाहीत, अन् तुयापाशी रडतेत! काय दिलं तू असं त्याईले? अन् हे नाव कोनाचं हाये?" इथे मी ते नाव घेतलं, पुरतं घेतलं. "सांग मले! कोन हाये ते बाई?"

पाळकांच्या टेबलावरची ती घंटी प्रार्थना थांबवण्यासाठी असते. ती वाजली की सगळे एका क्षणात गप्प होतात. सगळे झालेही होते. मी डोळे उघडले तेव्हा अख्खी शेड माझ्याकडे पाहत होती आणि माझा शेवटचा शब्द टिनाखाली अजून घुमत होता. पाळकांच्या तोंडाचा आ तसाच राहिला होता. नवरा पांढराफटक पडला होता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तेवढ्यात शेजारची म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन."

आणि सगळे म्हणाले, "आमेन." म्हणजे माझी ती भांडाभांडी प्रार्थना म्हणून दाखलसुद्धा झाली.

परत येताना गावाअलीकडे तलावाच्या पाळीवर त्याने गाडी थांबवली. उतरला, पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं आता कबूल करेल. मी पदर खोचला.

"ते बाई नाही," तो म्हणाला. "आपली पोरगी हाये."

तो पाठ करूनच बोलत राहिला. "बिना नावाची मातीत कशी ठेवू तिले? दादा खड्डा करत होता, मी तिले घेऊन बसलो होतो. तवा कानात सांगितलो नाव. आत्याचं काम मीच केलो."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"तोंड उघडे ना. तुले सांगतो म्हनलं तं तू रडशील, मंग मी काय करू? येशूसमोर मी रडलो तं चालते."

मी विचारलं ती कशी होती. या वेळी त्याने सांगितलं. केस खूप होते, काळेभोर. कान माझ्यासारखे. डाव्या हाताची मूठ मिटलेली होती, ती त्याने उघडली नाही. एवढं सांगून तो गाडीकडे आला आणि आम्ही घरी गेलो.

कुणी म्हणेल, आता तरी हिचा जीव भांड्यात पडला असेल. कुठला? माझी जळजळ चौपट झाली. तिला त्याने पाहिलं, मी नाही. तिला त्याने मांडीवर घेतलं, मी नाही. तिचं नाव त्याने ठेवलं, आणि नऊ महिने जिने पोटात वागवलं तिच्याआधी ते देवाला सांगितलं. एका बाईवर जळणं फार सोपं असतं. मी आता नवरा आणि देव अशा दोघांवर जळत होते, आणि दोघांनी माझं जे होतं ते वाटून घेतलेलं होतं. कितीतरी दिवस मी नवऱ्याला वाढून दिलं आणि पाठ फिरवून जेवले.

आणि देवाशी भांडले. मशीनवर बसल्या बसल्या, धुणं धुताना, कोथिंबीर निवडताना. तुला काय कमी होतं, माझी पोरगी घेतलीस ती घेतलीस, वर नवऱ्याचा शब्द पण घेतलास. पायडल मारत मी त्याला वाट्टेल ते बोलायची. असं बरेच दिवस चाललं, आणि एका दुपारी काज करता करता माझ्या लक्षात आलं की मी कुणाशी बोलते आहे? वर कुणी ऐकत नाही असं मीच म्हणत होते ना? जो नाहीच त्याच्यावर माणूस असं जळत नाही. जी बाई नसतेच तिच्या झिंज्या धरायला हात उठत नाही. मी त्याच्यावर इतके महिने जळत होते, म्हणजे तो आहे हे माझ्या जिवाला माझ्याआधीच कबूल झालं होतं. या गोष्टीचाही मला रागच आला.

मी पुन्हा उपासनेला गेले. नवऱ्यासाठी नाही. त्या म्हातारीसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. तिने मला जवळ बसवून घेतलं आणि मागच्या वेळेबद्दल चकार शब्द काढला नाही. मी तिला विचारलं, "देवाले असं बोललेलं चालते का जी?"

"तोंड फिरवलं तं चालत नाही त्याले," ती म्हणाली. "बाकी सारं चालते. येशू बी रडला हाये, माय, दोस्ताच्या मातीपाशी."

मातीपाशी रडणारा देव मी आधी ऐकला नव्हता. ते माझ्या मनात बसून राहिलं. पुढे एकदा पाळकांनी सांगितलं की देवाला आपलं माणूस दुसऱ्याच्या मागे गेलेलं खपत नाही, तो स्वतः मोठा जळकुटा आहे. त्यांनी शब्द चांगला वापरला होता, जळकुटा हा माझा. पण मला हसू आलं. माझ्या स्वभावाचं कुणीतरी तिथे होतं. त्या दिवशी परत येताना मी पाठीमागे बसून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी.

विश्वास कुठल्या दिवशी बसला ते मला सांगता येणार नाही. चमत्कार काही झाला नाही. मूल झालं नाही, सासूचा राग पुरता गेला नाही. फक्त माझं बोलणं बदललं. आधी मी देवाला नुसती विचारायची, का नेलीस, काहून नेलीस. एका सकाळी नवरा लवकर मिलवर जायचा होता म्हणून मी त्याच्या आधी उठून सांदवाडीत गेले होते. पाणी शेंदता शेंदता मी तिचं नाव घेतलं. भांडणात घेतलं होतं तसं नाही. आईने हाक मारावी तसं घेतलं, आणि विचारलं, "बरी हाये ना ते?"

उत्तर आलं नाही. पण दवाखान्यापासून आजपर्यंत मी पहिल्यांदा कुणाला तरी तिची खुशाली विचारली होती, आणि त्याने मला विसरून जा म्हटलं नव्हतं. ती ज्याच्याकडे आहे त्यालाच मी विचारते आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं, जसं माहेरी पाठवलेल्या लेकराचं ठाऊक असतं. मी कळशी भरली. पण तिला त्याच्याजवळ सोडवत नव्हतं. नीट होतं सगळं, ती सुखात होती, आणि तरी मी पुन्हा त्याच्याशी भांडायला लागले.

मागे वळले तर नवरा दारात उभा. अंगावर टॉवेल, कान माझ्याकडे.

"काय बोलून राहिली होतीस?" त्याने विचारलं.

"भांडून राहिली होती."

"कायचं?"

"पोरगी त्याच्या कडेवर हाये," मी म्हटलं. "मायाजवळ एक घडी बी नाही आली. मले नाही पाहवत ते. मी जळतो."

तो पायरीवर बसला. "मी बी रोज तेच म्हनतो त्याले," तो म्हणाला. "तू मशीन थांबवून आयकत होतीस, तवा बी तेच म्हनत होतो. प्रभू, मी तं पाह्यलो तिले, आता मले नोको दाखवू. एक खेप तिच्या मायजवळ दे."